डोक्यावरचे बूट

बूट ओले करू नकोस, हे मी तिला तीनदा सांगितलं. एकदा मोखाड्याच्या स्टँडवर, एकदा एसटीत, आणि तिसऱ्यांदा नाशिकला शर्यतीच्या मैदानावर, तिच्या पायांत ते चढवून नाड्या आवळताना. आमच्या पोरी सांगितलेलं विसरत नाहीत. विसरली असती तर बरं झालं असतं.

बूट आमच्या हेडमास्तरांच्या मुलीचे होते. ती जव्हारला शिकायची. देताना ते म्हणाले होते, नवीन आहेत, जसे नेताय तसे परत आणा. मी त्या आश्रमशाळेत कंत्राटी शिक्षिका, दर मार्चला पुढच्या वर्षीच्या ऑर्डरसाठी त्यांच्याच सहीकडे डोळे लावून बसणारी. त्यामुळे मला बुटांचीच धास्ती जास्त.

खरं तर तिला बूट हवेत कशाला? सूर्यमाळकडच्या पाड्यावरची, आठवीतली पोर, जन्मभर अनवाणी पळालेली. पण त्या वर्षी शर्यतीत चिप नावाची नवी भानगड आली होती. रुपयाएवढी प्लॅस्टिकची चकती, बुटाच्या नाडीत ओवायची. सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावर रबरी चटई. चटईवरून पाय गेला की मशीन टुंई करतं आणि तुमची वेळ कॉम्प्युटरात जाते. बूट नाहीत तर चिप बांधणार कुठे?

आणि ही शर्यत काही हौसेची नव्हती. मुलींतल्या पहिल्या पाच जणींना तिथल्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती, दहावीपर्यंत. दिवाळी होऊन गेली होती. तिचा पाडा वीटभट्टीवर निघून गेला होता. घरात तान्हं मूल, आई भट्टीवर विटा थापणार, तर बाळाला बघायला ही हवी. बाप फक्त या एका शर्यतीसाठी मागे थांबला होता. मला म्हणाला होता, नंबर आला तर पोर तुमची, नाय आला तर मी नेतो. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, येणारच.

पोर पळाली. बूट पहिल्या अर्ध्या वाटेतच चावले. टाचांची सालटी निघाली तेव्हा तिने ते काढले, आणि दुसरी कुणी असती तर फेकले असते. हिने हातात धरले आणि पुन्हा पळायला लागली, आता तिच्या पद्धतीने, म्हणजे वाऱ्यासारखी. शेवटच्या वळणावर मला दिसली तेव्हा चौथी होती. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. चौथीच!

शेवटच्या टप्प्यात आयोजकांची माणसं पळणाऱ्यांवर पाइपाने पाणी मारत होती, उन्हं चढली होती म्हणून. पाणी बघितल्याबरोबर तिने बूट डोक्यावर धरले, दोन्ही हातांनी, उंच. आमच्याकडे पावसाळ्यात ओहोळ ओलांडताना दप्तर, चपला, भाकरी, सगळं असंच डोक्यावर जातं. चटईवरून गेली ती अनवाणी. चिप तिच्या डोक्याच्याही वर. मी मूर्ख, दोरीमागे उभी राहून हसत टाळ्या वाजवत होते.

यादी लागली, पहिल्या पाचांत ती नव्हती. तिच्या नंबरापुढे सुरुवातीची वेळ होती आणि शेवटची जागा कोरी. मी आयोजकांच्या तंबूत घुसले. कॉम्प्युटरवाला म्हणाला, मशीनच्या लेखी ती आलेलीच नाही. मी त्याला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, अहो ही समोर उभी आहे, टाचेतून रक्त येतंय, ही काय उडत आली का? तो मान वर न करता म्हणाला, मॅडम, चिप पायात पाहिजे. पाया पडायचं तेवढं राहिलं होतं, तेही केलं. हसू नका, खरंच पडले.

शेवटी एक वयस्क परीक्षक बाई आल्या. भल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, मुलीने स्वतः चिप पायातून काढली असेल तर ती बाद. पण शिक्षकाने चुकीचं सांगितल्यामुळे झालं असेल तर शिक्षकाने तसं लेखी द्यावं, एक प्रत शाळेला जाईल, आम्ही फोटो बघून तिचं नाव घालू. मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बूट वर धरायला कुणी सांगितलं होतं?"

कागद टेबलावर होता. पेन माझ्याच पर्समध्ये होतं. मला हेडमास्तरांचा चेहरा दिसला, मार्च महिना दिसला. पोरीने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

"कोणी नाय सांगला," ती म्हणाली. "माझ्या मनानंच."

मी गप्प राहिले. आज इतक्या वर्षांनी लिहिते: पेन मी पर्समधून काढलं नाही. बाईंनी मान हलवली आणि कागद उचलला. थोड्या वेळाने मला जाग आली म्हणा, लाज आली म्हणा, मी परत धावले, तर तंबूचे खांब उपटणं चाललं होतं आणि त्या बाईंची गाडी गेली होती. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. तीच मला म्हणाली, बाई, रडू नका, बूट कोरडे हायेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याने शिव्या दिल्या असत्या, तर सोसलं असतं. ती कपड्यांचं बोचकं घेऊन वर्गाच्या दारात आली. मी तिला म्हटलं, जा बाळा, तुझे बाबा खोळंबलेत.

"हजेरी घ्या ना आधी," ती म्हणाली. "आज मी आलेय."

मी हजेरी घेतली. तिचं नाव आलं. ती "हजर" म्हणाली, मी तिच्या नावापुढे खूण केली. मी लिहिलंय हे तिने टेबलाशी येऊन नीट बघितलं, आणि मग ती गेली.