पयले बूड, मंग तोंड

"पयले बूड पाह्य, मंग तोंड."

हे तिचं वाक्य. मडकं घ्यायला गेली की आधी ते उलटं करायची. टरबूज, भोपळा, पितळी गंज-पातेली, शेजारणीचं तान्हं लेकरू, सगळं आधी उलटं. एकदा गावात मुलगी पाहायला पाहुणे आले होते. चहा-पोहे चालू असताना ही दारातून म्हणाली, "पोट्टीचं तोंड काय पाहून राह्यले बाप्पा? तिनं घासलेल्या गंजाचं बूड पाहा." पाहुण्यांनी गंज पाहिला की नाही मला ठाऊक नाही, पण लग्न जमलं.

अशी एखादी बाई तुमच्याही शेजारी असेल. नसेल तर तुमचं नाक सुखी आहे, असं समजा.

सारं गाव तिला मोठीमाय म्हणायचं. तिचं दीड एकर आमच्या शेताला लागून. दोघींची घरं शेतातच, मधे बांध, बांधावर एक पळस. तिच्या अंगाला तीन वास यायचे : खुराड्याचा, ओल्या भुशाचा म्हणजे कुटाराचा आणि तंबाखूचा. वारा तिच्याकडून आला की मी पदर नाकाला लावायची. वारा आमच्याकडून तिच्याकडे गेला तर तिला साबणाचा वास येत असेल. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही.

मी तेव्हा चाळिशीची होते, शाळेत मास्तरीण. आता तेव्हाच्या त्या मास्तरणीची आठवण आली की मलाच तिचा कंटाळा येतो. कडक इस्त्रीची सुती साडी, पर्समध्ये दोन रुमाल, एक हाताला आणि एक नाकाला. बोलणं असं शुद्ध की गावातल्या म्हशीसुद्धा दचकून पाहायच्या. लहानपणी आई आम्हा बहिणींना दगडानं घासून अंघोळ घालायची, अंगण दिवसातून दोनदा झाडायची. आमच्या वस्तीकडे पाहून कोणी नाक मुरडू नये, एवढाच तिचा हट्ट. त्या हट्टातून मी काय शिकले, तर नाक मुरडायला.

मोठीमायच्या सकाळची सुरुवात शिट पाहण्यानं व्हायची. लोक पेपर उघडतात, ही डालगं उघडायची. डालगं म्हणजे कोंबडी आणि पिल्लं झाकायची बांबूची टोपली. खालच्या कुटारात बोट घालून ती वाचत बसायची. "हे हिरवं कोनाचं? हे पानी कोनाचं?" हिरवं दिसलं की दुखणं आलं, असं तिचं गणित. मग एकेक पिल्लू उचलून उलटं करायची. एखादं मलूल दिसलं की तोंडात पाण्याचा घोट धरायची आणि त्याची चोच स्वतःच्या ओठांत घ्यायची. तंबाखूनं काळ्या पडलेल्या ओठांत! मी ते पहिल्यांदा पाहिलं, त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

आणि त्याच हातानं चहा. "बस वं मास्तरीणबाई, घोटभर घे." नाही म्हणायची सोय नव्हती. तिच्या ओट्याला लागून एक मोगरा होता. ती आत गेली की मी कप त्याच्या मुळाशी रिकामा करायची, आणि ती बाहेर आली की रुमालानं ओठ टिपून म्हणायची, "छान झाला हं चहा." मला माझ्या हुशारीचं फार कौतुक होतं.

आम्ही दोघी एकाच विहारात जायचो. एका पौर्णिमेला मी पांढरीशुभ्र साडी नेसून गेले, आणि नेमकी ती माझ्याशेजारी येऊन बसली. वंदना झाली, सगळे डोळे मिटून शांत बसले, आणि माझ्या कुशीपाशी आवाज आला, "चिव." सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा, "चिव." मोठीमाय डोळे मिटूनच पुटपुटली, "थंडं पडलं होतं वं. पोटाशी धरलं." तिच्या पदरात कालच निघालेलं पिल्लू होतं. त्यानं तेवढ्यात मान बाहेर काढली, जग पाहिलं, वळलं आणि माझ्या साडीवर आपला शेरा मारला. त्यानंतर मी विहारात तिच्यापासून चार हात लांब बसायची.

फाल्गुनात हरभरा निघून शेतं मोकळी झाली, पळसाच्या फुलांचा बांधावर सडा पडला, की तिच्या कोंबड्या खुडूक व्हायच्या, म्हणजे अंड्यांवर बसायला मागायच्या. एके वर्षी मलाही हौस आली. तिनं एक खुडूक कोंबडी आणि ज्वारीत ठेवलेली अकरा अंडी दिली. एकेका अंड्याला शिटेचा वाळका ठिपका, कुठं पीस चिकटलेलं. शी! मी काय करावं? साबण घेतला, ब्रश घेतला, अकराच्या अकरा अंडी घासली. मग दवाखान्यासारखा वास येणाऱ्या औषधाच्या पाण्यात बुडवली, पुसली आणि प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी रांगेत ठेवली. कोंबडी बसली. बिचारी खाणंपिणं सोडून बसून राहिली.

अठराव्या दिवशी असा वास सुटला की नवऱ्यानं विचारलं, "उंदीर मेला का?" मोठीमाय आली. एक अंडं कानाशी धरून तिनं तोंड वाकडं केलं. "हे बोलत नाई वं, खदखदते." "दाखवा बघू," असं शुद्ध भाषेत म्हणत मी ते तिच्या हातातून घेतलं. ते माझ्या हातात फुटलं. फुटलं म्हणजे उडालं. कपाळावर, हनुवटीवर, इस्त्रीच्या साडीवर. एक थेंब तोंडातही गेला. चव सांगत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल.

ती जमिनीवर बसून हसली. हसता हसता एकदम थांबली आणि कोंबडीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अंड्याले वरून त्याची साय राह्यते, डोयाले दिसत नाई. तू तेच घासून काढली. घान आत शिरली मंग. इनं अठरा दिवस उपास केला ना वं." सगळी अंडी मी लांब नेऊन पुरली. कोंबडी त्या रिकाम्या जागेवर आणखी चार दिवस बसून होती. मी मात्र रडले ती साडीसाठी.

पुढच्या वर्षी बचत गटातून एका दिवसाची पंचवीस पिल्लं मिळाली. मी ती खोक्यात ठेवली, वर दिवा लावला, खाली स्वच्छ कागद. दुसऱ्या दिवशी पिल्लं पिसं फुलवून, डोळे मिटून उभी राहायला लागली. शिट वाळून त्यांचं बूड लिंपल्यासारखं बंद झालं होतं. मी रबरी मोजे चढवले, भुवया कोरायचा चिमटा आणला आणि तो वाळका गोळा ओढला. त्याच्याबरोबर कातडीही आली. पिल्लू माझ्या मोज्यातच गेलं. बाकीच्यांच्या चोचीत मी साखरपाणी ओतत बसले. दुपारपर्यंत चार मेली. तेव्हा कुठं मी बांधावरून हाक मारली.

"तोंडात कायले ओतून राह्यली?" ती ओरडतच आली. "ज्यानं चारा सोडला त्याचं पयले बूड पाह्य. खालून बंद हाय, तं वरून काय घेईन तो जीव?"

तिनं कोमट पाणी मागितलं. एकेक पिल्लू डाव्या तळहातावर उलटं घेतलं आणि उजवा अंगठा भिजवून त्या जागेवर नुसता ठेवला. "कोरडं ओढाचं नाई वं. भिजू द्याचं. त्याले वाटलं पाह्यजे का माय चाटून राह्यली." पिवळट, काळपट, चिकट, आंबूस ते सगळं हळूहळू तिच्या अंगठ्यावर यायचं. वर तिळाच्या तेलाचं बोट. पिल्लू झटकन उभं राहायचं आणि लगेच चारा टिपायला लागायचं. एकवीस पिल्लं तिनं अशी काढली. मग अंगठा लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "चाय ठेव वं आता."

मी चहा दिला. तिनं प्यालेला कप मी तीनदा घासला, आणि मग वेगळा ठेवून दिला. हे मी आज लिहिते आहे, कारण त्या अंड्याचा थेंब तोंडात गेला त्यापेक्षा मला याची किळस जास्त येते.

अशी पंधरा वर्षं गेली. मी निवृत्त झाले, दिवसभर शेतावरच असायला लागले. कोंबड्या पाळायला शिकले, पण रबरी मोजे सुटले नाहीत. मोगऱ्याचा चहाही सुटला नाही.

दोन वर्षांपूर्वी, हरभरा काढायच्या दिवसांतच, ती खुराड्यापाशी घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मुलगा पुण्याकडं कारखान्यात, तो चार दिवस राहून गेला. मानोऱ्याला दिलेली लेक येऊन राहिली, पण तिचाही गहू उभा होता. "दोन दिवसांत येते बाई," ती मला म्हणाली. "तेवढं मायचं पाहा. काहीच खाऊन नाई राह्यली. पानीबी घेत नाई. अशानं जाईन ती." डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं : पोटात काही गेलं नाही तर जखम भरायची नाही, म्हातारी उठायची नाही.

पहिल्या दिवशी मी पेज करून नेली. ती तोंड भिंतीकडे करून पडली होती, उन्हाळा लागलेला आणि गळ्यापर्यंत गोधडी. मी चमचा पुढे केला, तिनं ओठ मिटून घेतले. मी रागावले, समजावलं, शाळेतल्या पोरांना सांगतात तशी गोष्टसुद्धा सांगितली. काही नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या होता तसाच भरलेला. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. मी पुन्हा चमचा लावला. जबरदस्तीनं. पेज हनुवटीवरून खाली ओघळली, आणि मला माझाच हात दिसला, चोचीत साखरपाणी ओतणारा.

तोंडात कायले ओतून राह्यली?

मी चमचा ठेवला आणि गोधडीला हात घातला. तिनं ती दोन्ही मुठींनी धरली.

"नको वं," ती म्हणाली. जन्मभर साऱ्या दुनियेचं बूड पाहणारी बाई, आणि डोळ्यांत पाणी. "तू नको. तुले किळस येते."

ती शरमेनं उपाशी राहिली होती. खाल्लं नाही तर करावं लागणार नाही, लेकीला उचलावं लागणार नाही, शेजारणीला नाक दाबावं लागणार नाही. तरी सकाळी झालंच होतं, आणि ते अंगाखाली घेऊन ती दुपारपर्यंत तशीच पडली होती.

मला किळस आली. खोटं कशाला बोलू? गोधडी काढली तसा जो भपका आला त्यानं मी बाहेर पळाले आणि ओट्यावरून खाली वाकून ओकले. मोजे बांधापलीकडे घरी होते. आणायला गेले असते तर परत आले असते की नाही, सांगता येत नाही.

आत आले. पाणी कोमट केलं. "येते तं येऊ दे किळस," मी म्हटलं. माझी शुद्ध भाषा बहुतेक ओट्याखालीच पडली होती. तिला कुशीवर वळवलं. वाळून कातडीला चिकटलं होतं. मी हात भिजवून तिथं नुसता ठेवला. कोरडं ओढायचं नाही. भिजू द्यायचं. वास नाकात, घशात, डोक्यात गेला. पुसलं, धुतलं, तेलाचं बोट लावलं, धुतलेलं लुगडं अंगाखाली घातलं. तिनं एकदाच विचारलं, "हिरवं हाय का वं?" मी म्हटलं, "नाही. चांगलं आहे." "मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे तोंड वळवलं. "चाय ठेव."

मी तिच्या चुलीवर चहा ठेवला. तिला बशीनं पाजला. एक बशी, दुसरी बशी, तिसरी बशी. घटाघटा प्यायली. मग माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं.

"पी वं. हातचा हाय तुह्या. अन् इथं मोगरा नाई ओताले."

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पंधरा वर्सं त्या मोगऱ्याले फुलं कमी अन् मुंगळे जास्त. मले समजत नाई का?"

"मग बोलल्या का नाही कधी?"

ती उशीवर डोकं टेकवत म्हणाली, "तू येत तं होती."

मी तो चहा प्यायले. गूळ जास्त झाला होता.

लेक परत आली तेव्हा म्हातारी वाटीभर खिचडी खात होती. पुढच्या महिन्यात लेकीनं तिला मानोऱ्याला नेलं. जीपमध्ये बसवताना ती कुणाच्या गळ्यात पडली नाही. मला म्हणाली, "पिलायचं पाह्यजो. रोज उलटं करजो." तिथं ती काठी घेऊन अंगणात फिरायला लागली, असं कळलं. गेल्या दिवाळीनंतर गेली. झोपेत. तिच्या कोंबड्या आता माझ्याकडे आहेत, आणि तिच्या घराला कुलूप आहे.

परवा नात आली होती. यंदाची पिल्लं निघाली आहेत. एकाचं बूड बंद झालं होतं. मी ते तळहातावर उलटं घेतलं, अंगठा भिजवून ठेवला. नात दारातच थबकली. "शी, आजी! घाणेरडी!" तिच्या हातात दोन रुमाल नव्हते, एवढाच फरक.

"पयले बूड पाह्य," मी म्हटलं. ती पळाली.

पिल्लू उभं राहिलं, कणी टिपायला लागलं. मी चहाचा कप उचलला आणि रोजच्यासारखी बांध ओलांडून पलीकडे गेले. कुलूपबंद दारापुढं ओट्यावर बसले. अर्धा कप प्यायले, उरलेला मोगऱ्याच्या मुळाशी ओतला. मुंगळे लगेच आले.

कप रिकामा झाल्यावर लक्षात आलं, हात धुवायचे राहिलेच होते.