पाण्याखालची चौकट

“कागद बसून वाचावा, बांध चालून वाचावा,” असं सोनबातात्या कोळेकर सारखं म्हणायचे.

त्यांचा बाप मेंढरांमागं फिरला. तात्या बारामतीत वकिली शिकले आणि पुढं न्यायाधीश होऊन दूरदूरच्या जिल्ह्यांत राहिले. बांधाचं भांडण आलं की ते स्वतः शिवारात जायचे. मागून चिखलात बूट सांभाळत वकील यायचे. “साहेबांनी कोर्टाचा कळप केला,” अशी त्यांची कुजबूज चालायची. तात्यांच्या कानावर ते जायचं, आणि त्यांना ते आवडायचंही.

निवृत्त झाल्यावर ते भिगवणला परतले. काळा कोट पेटीत गेला. इंदापूरच्या बाजारादिवशी लिंबाखालच्या कट्ट्यावर बसायचे आणि कुणाचंही गाऱ्हाणं ऐकायचे. निम्मी भांडणं तिथंच चहाबरोबर विरघळायची. उरलेल्यांसाठी ते चपला हातात घेऊन चालू लागायचे.

शहाण्णव सालचा उन्हाळा. उजनी धरणाचं पाणी इतकं मागं गेलं, की बुडालेलं जुनं गाव हळूहळू वर आलं. आधी देवळाचा कळस, मग वेशीतला म्हसोबा, मग भिंतींचे पाय. सकाळच्या धुक्यात बघावं तर वाटायचं, गाव झोपेतून उठतंय आणि आता कुठल्याही घरातून धूर निघेल.

त्या गाळात दगडाबाईला कडवळ पेरायचं होतं. दावणीला दोन म्हशी होत्या आणि वैरण संपत आली होती. आता पेरलं नाही, तर म्हशी बाजारात न्याव्या लागणार होत्या. पण तिचा पुतण्या गेणबा पेरणीची पाभर घेऊन आधीच उभा होता. दोघांची घरं पूर्वी शेजारी होती. गाळातून उंबरा मात्र एकच वर आला होता, आणि त्याच्यामागचं परस दोघंही आपलं म्हणत होते.

तात्या आले. उंबऱ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

“हे बघा, कायद्यानं ही जमीन धरणाची हाय. तुमची न्हाय, माझी न्हाय. मी जज्ज म्हणून आलो न्हाय. गेणबा, डोळ्याला फेटा बांध. म्हसोबापासून आपल्या घरी चालत जा.”

“डोळे बांधून? आंधळी कोशिंबीर हाय का काय तात्या?”

“पायाला इचार. त्याला ठावं हाय.”

दगडाबाई फणकारली, “जाऊ द्या की त्याला. पाण्यात जाईल सरळ!”

गेणबा निघाला. आधी चाचपडला, मग त्याचे पाय सैल झाले. नसलेल्या बोळात तो वळला, नसलेल्या गोठ्याला वळसा घातला. वारा पडला होता. दूर पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे होते. चालता चालता गेणबा लहान होत गेल्यासारखा दिसला. उंबऱ्याला त्याचा अंगठा लागला. त्यानं पाय उचलला.

“वाकून रं गेणबा! डोकं!” दगडाबाई एकदम ओरडली.

आणि गेणबा वाकला. वर आभाळाशिवाय काही नव्हतं, तरी तो वाकून आत गेला आणि उजवीकडं, चुलीजवळ, मांडी घालून बसला.

मग त्यानं फेटा सोडला. डोळे ओले होते.

“काकी, ही चौकट तुमचीच. आमचं दार उंच होतं. वाकावं लागायचं ते तुमच्याकडं.”

“चार टेंगळं आली तवा शिकलास,” दगडाबाई म्हणाली. “भाकरीच्या वासानं यायचास. शिकवून वाकला न्हाईस कधी.”

“आई तापानं पडलेली, तवा तुमीच जेवायला घातलं.”

“मग आता बसून काय ऱ्हायलास? पाभर आण. ऊन चढायच्या आत पेरून दे.”

गेणबा उठला. जाताना तो पुन्हा वाकला, आणि या वेळी तिनं सांगितलं नव्हतं.

दगडाबाईनं तात्यांना हाक मारली, “तात्या, निकाल तर सांगा!”

तात्यांनी मागं न बघता हात हलवला. चपला काखेत धरून ते ओल्या काठानं भिगवणच्या दिशेनं निघाले होते. त्याच वाटेनं त्यांच्या बापाची मेंढरं जायची. ती वाट आता अर्धी पाण्यात होती. तात्या कधी गाळातून, कधी घोटाभर पाण्यातून चालत राहिले.

पाभरीवर हात ठेवून गेणबा बघत होता. दगडाबाई आपल्या उंबऱ्यात, कपाळावर तळवा धरून उभी होती. तात्या लहान लहान होत त्या पक्ष्यांत मिसळले. त्यांतले तात्या कोणते, हे ओळखू येईनासं झालं, तरी ती बघतच राहिली.