पतंगाच्या कागदावरचा त्रिकोण

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच नाही, हे कारण होतं. मास्तराला ही सोय असते, प्रश्न विचारायचं काम त्याचंच.

बुऱ्हाणपुरात मी गणित शिकवायचो. नववीच्या वार्षिक परीक्षेत दोन त्रिकोण दिले आणि ते एकरूप आहेत हे दाखवा म्हटलं. सगळ्यांनी पाठ केलेली कसोटी लिहिली, दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन. एका मुलीने पतंगाच्या पातळ कागदावर पहिला त्रिकोण उतरवला, तो टाचणीने उत्तरपत्रिकेला जोडला आणि खाली लिहिलं, ‘सरकवला, फिरवला, बसला नाही. पलटवला, तंतोतंत बसला. बाजू, कोन काहीच बदललं नाही. म्हणून एकरूप.’

मी शून्य दिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर मास्तर कसला? तो कागद वर्गात सगळ्यांना दाखवला.

“पुढच्या वेळी कात्री पण आण, पोरी.”

वर्ग हसला. ती उभी राहिली. “सर, पलटवला तरी त्रिकोण तोच राहतो ना?”

“खाली बस.” माझी सिद्धता एवढीच होती.

त्या प्रश्नाचे गुण मिळाले असते तर ती पास होती. नापास झाली आणि घरच्यांनी शाळा सोडवली.

मी निवृत्त झाल्यावर नव्या पुस्तकात हेच आलं, सरकवणे, फिरवणे, पलटवणे. शिक्षकांच्या शिबिरात ते समजवायला मला बोलावलं, अनुभवी म्हणून. सिंधीपुऱ्यातून पतंगाचा कागद घेऊन गेलो.

“कमाल है सर, हे सुचलं कसं तुम्हाला?” एका तरुण शिक्षकाने विचारलं. मी नम्रपणे हसलो. शाल, नारळ आणि कुर्त्याचं कापड मिळालं.

ते कापड घेऊन तिच्याकडेच गेलो. राजघाटाच्या रस्त्यावर तिचं शिवणाचं दुकान आहे. माफी मागायची होती, कापड निमित्ताला.

“या सर, बसा.” तिने माप घेतलं, कापड दुहेरी घातलं आणि खडूने एकच बाही आखली.

“दोन्ही एकदम कापतेस?”

“मग? घडी उघडली की एक डावी, एक उजवी. सुट्या कापल्या न् पलटवायचं राहिलं, तर दोन्ही डाव्याच.” ती कापत राहिली. “तुम्हीच म्हटलं होतं ना सर, कात्री आण. आणली.”

टोमणा होता की थट्टा, कळलं नाही. माझं वाक्य ओठांवर आलं होतं.

“बाही जरा सैल ठेव,” मी म्हणालो.

त्यानंतर तिच्याकडे आणखी दोन कुर्ते शिवून झाले. चौथ्याचं कापड आणून ठेवलंय. ‘पोरी, तुझं उत्तर बरोबर होतं, चूक माझी’, हे मात्र अजून माझ्याकडेच आहे.