ऐनवेळी येणाऱ्या विषयांत माझा मेंदू

प्रथम क्षमा मागते. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके कपाटात नीट लावल्यानंतर, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एका ग्रंथपालाला आपणही चार पाने लिहावीत असे वाटणे हा आगाऊपणाच आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. आजवर माझ्या नावावर एकच साहित्यकृती जमा आहे, ती म्हणजे पनवेलमधील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे इतिवृत्त. अकरा वर्षे मानद सचिव या नात्याने मी ते स्वहस्ते लिहिले आणि ते आजतागायत कोणीही वाचलेले नाही. (सह्या मात्र सर्वांनी केल्या आहेत.) तरीही लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण झालेला प्रकार मला अजूनही गिळवत नाही. माझ्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी की करू नये, याचा निर्णय आमच्या सोसायटीच्या सभेत, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदराखाली, हात वर करून घेण्यात आला.

आणि तो ठराव मी स्वतः लिहून घेतला!

सुरुवात खोकल्यापासून झाली. खोकले की डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर, कोणीतरी पाचर ठोकावी तशी कळ यायची. पुढे ती शिंकल्यावर येऊ लागली आणि मग हसल्यावरही. (हसण्याचे प्रसंग आमच्या घरी बेताचेच असल्यामुळे हे लक्षण जरा उशिरा ध्यानात आले.) उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत. शेवटी एमआरआय झाला आणि खारघरच्या एका रुग्णालयातील शल्यविशारद बाईंनी मला समोर बसवून समजावले. त्या इतक्या तरुण होत्या की, माझ्या वाचनालयात असत्या तर मी त्यांच्याकडे ओळखपत्र मागितले असते.

"याला किआरी म्हणतात, ताई. कवटीच्या तळाशी एक भोक असतं. तुमच्या कवटीत मागच्या बाजूला जन्मापासूनच जागा थोडी कमी आहे, त्यामुळे लहान मेंदूचं टोक त्या भोकातून खाली मानेत उतरलंय. मज्जारज्जूतही पाणी साठायला लागलंय."

"मग ऑपरेशन?" आमच्या यजमानांनी विचारले.

"त्रास आहे तिथेच थांबला असेल, तर थांबून बघता येईल. वाढत असेल, तर मात्र लवकर करायला हवं. एकदा गेलेली ताकद परत येईलच असं नाही. ताई, हाताची ताकद कमी होत चाललीय का?"

आता माझा स्वभाव असा की, दाताच्या डॉक्टरांनी "दुखतंय का?" विचारले, तर त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी "नाही" म्हणते. त्याच सवयीने मी म्हणाले, "तसं विशेष काही नाही."

"तिला काही होत नाही हो, ती कधी तक्रारच करत नाही!" यजमान अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि विचार करायला पंधरा दिवस दिले.

"कोणाला सांगू नका," मी रिक्षातच बजावले. यजमानांनी मान हलवली आणि घरी पोहोचताच चपला काढण्याआधी आपल्या थोरल्या बहिणीला, शोभाताईंना, फोन लावला. "ताई, कोणाला सांगू नकोस हं," अशी त्यांची सुरुवात मी स्वयंपाकघरातून ऐकली.

त्या पंधरा दिवसांतच एका रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. विषय एकच, पावसाळ्यापूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग. खालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, मी वही उघडली, आणि नेहमीप्रमाणे गणसंख्या भरली नाही. अशा वेळी सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग जेवढी माणसे असतील तेवढ्यांत ती उरकायची, असा नियम आहे. त्या अर्ध्या तासात चहा येतो. चहा आला की आमच्या यजमानांना कंठ फुटतो.

"आमच्या हिच्या मेंदूला जागा कमी पडते," त्यांनी जाहीर केले.

"म्हंजे?" म्हात्रेदादांनी विचारले. म्हात्रेदादा आमचे तहहयात अध्यक्ष. मूळचे गव्हाण गावचे. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी त्यांची होती, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवणे कोणालाच प्रशस्त वाटत नाही.

"म्हणजे कवटी लहान आणि मेंदू मोठा. मग तो खाली उतरतो."

"बिल्डरनी फसवला!" दादांनी मांडीवर थाप मारली. "कार्पेट एरिया कमी दिला!"

लोक हसले. मीही सौजन्य म्हणून हसले, आणि मागे कळ आली.

एवढ्यात यजमान वर जाऊन रिपोर्टचे पाकीट घेऊन आले! एरवी ताळेबंदाच्या प्रती फिरतात तशी माझी कवटी खुर्च्याखुर्च्यांतून फिरू लागली. आमचे खजिनदार मुकादमभाई, ज्यांनी कुवेतमध्ये वीस वर्षे काढली आहेत, त्यांनी फिल्म उन्हात धरली.

"या अल्लाह! ही तर आपल्या बी-विंगची ड्रेनेज लाइन दिसतेय."

"उलटी धरलीय तुम्ही, मुकादमभाई."

"सुलटी केली तरी तीच दिसतेय, बेहेन."

अर्धा तास संपला. सभा सुरू झाली, गच्चीचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला (त्यात कोणालाच रस उरला नव्हता), आणि म्हात्रेदादा खाकरले. "आता ऐनवेलचा विषय. मॅडमचा डोका."

मी पेन खाली ठेवले. "दादा, हा सभेचा विषय नाही."

"तुमी आमच्या सेक्रेटरी ना? मग सोसायटीचाच विषय हाय. सांगा कर्णिकसाहेब, ऑपरेशनमदे काय करनार?"

"मागचं थोडं हाड काढायचं आणि जागा मोठी करायची," यजमान म्हणाले.

दादा ताडकन उभे राहिले. "हाडाला हात लावायचा नाय! गव्हाणला आमच्या चुलत्यानी खोली वाढवायला मागची भिंत फोडली. काय झाला? सगला माला खाली आला!"

"मी तरी दुसरं काय सांगतेय!" शोभाताई म्हणाल्या. (त्या सभासद नाहीत. खारघरहून खास आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बसल्या होत्या.) "आमच्या बिल्डिंगमध्ये एका बाईंनी नुसती उशी बदलली, तर डोकं दुखायचं कायमचं थांबलं!"

"उशीनं मेंदू वर चढतो काय, शोभाताई?" मुकादमभाई उसळले. "माझ्या कुवेतच्या शेठचं डोकं उघडलं होतं. आज माणूस उंटांच्या शर्यती लावतो! बेहेन, ऑपरेशन करून टाका." क्षणभर मला त्यांच्याविषयी अपार कृतज्ञता वाटली. "फक्त वॉटरप्रूफिंग उरकू द्या. कॉन्ट्रॅक्टरच्या कागदांवर सह्या कोण करणार?"

"हे बरोबर," दोन्ही पक्षांचे एकदम एकमत झाले.

माझ्या कवटीआधी गच्ची! रागाने माझे कान तापले. "मला वाटतं..." मी उठून म्हणाले.

"मॅडम, तुमी लिवा," दादा मायेने म्हणाले. "लिवनारानी मदे बोलायचा नसते."

आणि सांगायला लाज वाटते, पण मी बसले आणि लिहिले. अकरा वर्षांची सवय होती. कोणी 'ठराव' म्हणाले की माझा हात आपोआप चालू लागतो. 'ठराव क्रमांक सात: मानद सचिव यांच्या मेंदूवरील प्रस्तावित शस्त्रक्रिया गच्चीचे गळती-प्रतिबंधक काम पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलण्यात यावी. सूचक: श्री. आत्माराम म्हात्रे.' अनुमोदक कोण, म्हणून मी मान वर केली, तर हात वर करून बसलेले गृहस्थ माझे यजमान होते!

("अगं, कोणीतरी करायलाच हवं होतं ना," ते नंतर म्हणाले. "सभा किती लांबत होती!")

विरोधी मते शून्य. माझे एक मत विरोधात होते, परंतु माझा उजवा हात लिहिण्यात गुंतला होता, आणि डाव्या हाताने मत दिलेले चालते की नाही, हे मला उपविधींत कुठे वाचल्याचे आठवत नव्हते.

सही करताना म्हात्रेदादांनी वहीवर नाक टेकवले. "मॅडम, अक्षराला काय झालाय? आधी मोत्यावानी होता. आता पानावर चिंबोऱ्या सोडल्यात जशा!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणी त्या वहीत डोकावले, आणि तेही अक्षराला खेकड्यांची उपमा देण्यासाठी! "पेन बरोबर नाही," मी तुटकपणे म्हणाले. ते खरेही होते. वर्षभरात मी चार पेने बदलली होती आणि चारही सदोष निघाली होती. हल्ली वस्तू चांगल्या मिळतच नाहीत.

पंधरा दिवस भरले. रुग्णालयात निघताना यजमानांनी घरभर रिपोर्ट शोधला. तो कोणीतरी सभेच्या दिवशी वहीतच सरकवून ठेवला होता, हे त्यांना रिक्षा दारात आल्यावर आठवले, आणि घाईघाईत त्यांनी अख्खी वहीच काखोटीला मारली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट काढायला वही उघडली आणि त्यांची नजर पानावर थबकली.

"'मेंदूवरील प्रस्तावित शस्त्रक्रिया... गच्चीचे काम पूर्ण होईपर्यंत...' हे काय आहे?"

"ती एक प्रक्रिया असते," यजमान म्हणाले.

"सूचक, अनुमोदक... यात पेशंटचं मत कुठे आहे?"

"पेशंट सचिव आहेत," यजमानांनी खुलासा केला.

बाई हसू लागल्या. मी शरमेने टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कवटीकडे पाहत बसले. मग हसणे थांबले. त्या पाने उलटू लागल्या, मागे, आणखी मागे, मग परत पुढे.

"हे सगळं तुम्हीच लिहिलंय?"

"हो." माझी छाती नकळत फुगली. अकरा वर्षांनी वाचक भेटला होता!

पण त्या मजकूर वाचतच नव्हत्या. त्यांनी वही आमच्याकडे फिरवली. तीन वर्षांपूर्वीचे पान ताठ, स्वच्छ होते. गेल्या पावसाळ्यातले जरा कललेले. दिवाळीनंतर ओळी खाली घसरू लागल्या होत्या. ठराव क्रमांक सात मला स्वतःला नीट वाचता येईना.

"ताई, तुम्ही म्हणाला होतात, विशेष काही नाही."

"पेनं खराब होती," मी म्हणाले.

"किती पेनं?"

"चार."

"बरणीची झाकणं कोण उघडतं?"

"हे उघडतात."

"ती म्हणायची, हात तेलकट आहे..." यजमान म्हणाले. त्यांनी वही ओढून घेतली आणि एकेक पान बघत राहिले. "अगं, हे मी कधी पाहिलंच नाही."

"प्रत्येक पानावर तुमची सही आहे," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. "त्रास वाढतोय, आणि तो तुमच्याच अक्षरात लिहिलेला आहे. माझा सल्ला, आता थांबू नका. धोके मी सगळे सांगते, लपवणार काहीच नाही. पण निर्णय तुमचा. तुमचं मत काय?"

हा प्रश्न मला कोणी विचारेल, याची तयारीच नव्हती. मी यजमानांकडे पाहिले. ते वहीकडे पाहत होते. त्यांनी सुचवायला तोंड उघडले नाही आणि अनुमोदनाला हातही उचलला नाही. धोके ऐकून घेतले, दोनदा विचारून घेतले. मग मी हात वर केला. डावा!

"करू या," मी म्हणाले. "आणि वॉटरप्रूफिंगच्या आधी!"

शस्त्रक्रिया झाली. माळा खाली आला नाही. मान काही आठवडे दाराच्या चौकटीसारखी ताठ होती आणि शोभाताईंनी आणलेली उशी डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी परत पाठवली. खोकल्याची कळ गेली. हाताचे काम मात्र सावकाश चालले आहे. अक्षर अद्याप चिंबोऱ्यांचेच आहे, फक्त त्या आता ओळ सोडत नाहीत.

दुसऱ्या महिन्यात म्हात्रेदादा आणि मुकादमभाई समाचाराला आले. सोबत शहाळी होती आणि वही. मधल्या सभेत प्रभारी सचिव म्हणून यजमानांनी लेखन केले होते. मी वाचू लागले: 'मानद सचिव यांनी ठराव क्रमांक सातचा भंग करून, सभेची पूर्वपरवानगी न घेता, स्वतःच्या मेंदूची शस्त्रक्रिया करून घेतली. तथापि त्यांची आजवरची सेवा विचारात घेता, सदर शस्त्रक्रियेस ही सभा कार्योत्तर मंजुरी देत आहे.'

"सगल्यांनी हात वर केले, मॅडम," दादा म्हणाले. "एक पन विरोध नाय!"

"शोभाताईंचासुद्धा हात वर होता," मुकादमभाई म्हणाले.

संतापाने मी काही बोलणार, तोच मला हसू फुटले. चांगले मोठ्याने, न थांबता. हसता हसता मी नेहमीच्या कळेची वाट पाहिली. ती आली नाही.

"सचिवांची सही राह्यली," म्हणत दादांनी बोट ठेवले आणि पेन पुढे केले. पेन उत्तम होते. मी सही केली.

तुम्ही माझ्या जागी असता, तर केली असती का?