गेरूसारख्या गोळ्या

केळीच्या खोडांपासून गॅस करतात, तिथे मी आणि माझी जाऊ झाडायला जातो. गॅसमधला घाण वास गंजाच्या लाल गोळ्यांमध्ये जिरतो, मग त्या काळ्या पडतात आणि बाहेरची हवा लागली की आतून तापतात. त्या बाहेर काढणाऱ्या कामगाराला आम्ही भाऊ म्हणायचो; तो फार बोलायचा नाही. गोळ्या पातळ पसरून पाणी शिंपडायचा आणि आजारी पोराचं कपाळ बघावं तसा उलटा हात लावायचा. हळूहळू त्या पुन्हा लाल व्हायच्या. "अक्का, हात नका लावा. वरथून लाल, पोटमा काळ्या शेतस," म्हणायचा.

एकदा जावेने ओटा सारवायला गेरू समजून पोतंभर गोळ्या घरी नेल्या. ढीग कमी दिसताच तो सायकलवर आमच्या दारी आला.

"पोरं कोठे शेतस?"

पोतं धुमसत होतं. शेजारी खाटेवर जावेचं पोर निजलं होतं. भाऊने पोतं कवटाळून बाहेर नेलं. शर्टाबरोबर छातीची कातडी निघाली.

"गोळ्या मीच दिल्या होत्या," असं त्याने साहेबांना सांगितलं. त्याला काढून टाकलं. जावेचं काम टिकलं.

आता गोळ्या कोणी पसरत नाही. काळ्या असतानाच पोत्यात भरून शेडमध्ये रचतात. आमची पोरं तिथेच सावलीला खेळतात.