लढाईचा पिक्चर आणि तांबटांची आळी

आमच्या आळीत घरोघर एक कोपरा असतो, मोडीच्या भांड्यांचा. चेपलेली घागर, गळका बंब, कान तुटलेलं पातेलं, सगळं तिथे पडून राहतं. किस्स्यांचंही तसंच होतं बघा. घडतात, हसून होतं, कोपऱ्यात जाऊन पडतात. मग एखाद्या दुपारी चार बायका गहू निवडायला बसल्या की कुणीतरी त्यातला एक उचलतं आणि ठोकून-ठाकून पुन्हा चकाचक करतं!

तो लढाईचा मोठा पिक्चर नाशकात लागला, तेव्हापासून आमचा कोपरा भरून वाहतोय. नाव कशाला सांगू, तुम्हीही पाहिला असेल. कुणी म्हणतं असा पिक्चर झाला नाही, कुणी म्हणतं सगळा पैसा पाण्यात. मी मात्र त्याला अजून मनातल्या मनात हात जोडते.

*

आळी आमची तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांची. सकाळी हातोड्या सुरू झाल्या की दिवे लागेपर्यंत ठणठण ठणठण. त्यामुळे इथली माणसं बोलतात ती ओरडूनच. लग्न होऊन सायखेड्याहून आले तेव्हा मला वाटायचं, घरोघर भांडणंच चाललीत! मग कळलं, चहा घेणार का, असं विचारतायत.

पिक्चरची जाहिरात टांग्यावर भोंगा लावून गावभर फिरली. "खरे रणगाडे! खऱ्या तोफा!" मामंजी, म्हणजे माझे सासरे, पहिल्याच आठवड्यात बघून आले. मी विचारलं, "तोफांचा आवाज कसा आहे हो?"

टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "पिक्चर चांगलाय. पण आवाज फार बारीक!"

शेजारच्या दत्तूकाकांनी तर पिक्चर दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा काकूंना घेऊन बाल्कनीत बसले. हिरॉइन नवऱ्याला ओवाळत होती. काका काकूंच्या कानाशी लागून म्हणाले, "बघून घे आत्ताच, शेवटी मरतो तो!"

आमच्या आळीतलं कानात सांगणं ते! सगळ्या बाल्कनीला ऐकू गेलं. मागून एक जण भडकला, "काका, आमच्या तिकिटाचे पैसे काढा आता!"

काका उलट त्याच्यावरच, "मी हिच्या कानात सांगितलं. तुम्ही कशाला ऐकलंत?"

*

मी तोफांच्या आवाजाचं का विचारत होते, ते आधी सांगते.

माझी चिमी तेव्हा आठ महिन्यांची. सगळे म्हणायचे, काय गुणाची पोर! पाळण्याशेजारी मामंजी घागर ठोकतायत आणि ही गाढ झोपलेली. सासूबाई कौतुकानं येईल त्याला दाखवायच्या. मी पण आधी हसायचे. मग एकदा माझ्या हातून पाण्यानं भरलेली कळशी तिच्या डोक्याशीच पडली. मी किंचाळले. चिमीची पापणीसुद्धा हलली नाही.

त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना. कुणी नसलं की मी तिच्यामागे जाऊन ताट वाजवायचे. झाकण आपटायचे. पितळेचा डबा काठीनं बडवायचे. पोर आपली स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी खेळतेय! मी सातवीपर्यंत शिकलेली. पुस्तकात कानाचं चित्र होतं, आत पडदा आणि बारीक बारीक हाडं. ते चित्र डोळे मिटले की समोर यायचं. डॉक्टर म्हणाले, अजून लहान आहे, थोडं थांबून पुन्हा आणा. थांबायचं म्हणजे काय, ते आईलाच माहीत.

घरात मी चकार शब्द काढला नाही. एकदा बोललं की ते खरं होईल, असं वाटायचं.

त्यात रात्री ही झोपायची नाही. अमावास्येला आळीचं काम बंद असतं, त्या दिवशी तर सकाळपासून जी रडायला लागायची, की विचारू नका. सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या, म्हणायच्या, "अमावास्या बाधते हो पोरीला!" मी मान डोलवायचे. माझा जीव तिच्या कानात अडकलेला.

आणि मग तो टांगा आला. खऱ्या तोफा! म्हटलं, भांड्यांनी नाही तर नाही, तोफेनं तरी दचकेल. तिथेही नाही दचकली, तर मग समजायचं.

*

आमचे हे मित्रांबरोबर गेले, त्या दिवशी पुढच्या रांगांत देवळाली कॅम्पातले जवान बसलेले. पडद्यावर हिरो खंदकात अडकलाय, पाणी नाही, अन्न नाही, लोक रुमाल काढून बसलेत. आणि हे जवान खो खो हसतायत!

यांना राग आला. "अहो, तुम्हीच हसल्यावर कसं?"

एक जण डोळे पुसत म्हणाला, "दादा, इतके दिवस चिखलात आहे म्हणतो आणि बूट बघा त्याचे! लढाई राहू द्या, पॉलिश कुठलं वापरतो ते विचारा त्याला!"

पण त्यांच्यातला एक वयानं मोठा होता, तो हसला नाही. तोफा सुरू झाल्या तसा उठून बाहेर गेला आणि शेंगदाणेवाल्याशेजारी उभा राहिला. पिक्चर सुटेपर्यंत आत आला नाही. हे पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांनी बघितलं, शेंगदाण्याची पुडी त्याच्या हातात तशीच होती, न फोडलेली.

"आवाज कसा होता हो?" मी विचारलं.

हे म्हणाले, "त्याला पुरे झाला."

*

समोरच्या नानी माहेरच्या येवल्याच्या. त्यांना लढाईशी काही देणं-घेणं नाही. हिरॉइन पैठणी नेसून चुलीपुढे बसलेली पाहिली आणि नानींचा जीव खालीवर. तिकडे हिरोची चिठ्ठी येते, हिरॉइन हुंदके देते, टॉकीज रडतंय, आणि नानी उभ्या राहून ओरडल्या, "अगं बये, पदर आवर, ठिणगी उडेल!"

सगळं टॉकीज हसलं. परत आल्यावर मी विचारलं, "नानी, तोफांचा आवाज मोठा होता का?"

"तोफा होत्या होय?" नानी म्हणाल्या. "पण पैठणीला शेवटपर्यंत डाग नाही हो पडला. देवाची कृपा!"

*

मग सायखेड्याहून माझी आई आली. तिला सासूबाईंनी हौसेनं पिक्चरला नेलं. आई शेतकऱ्याघरची. पडद्यावर रणगाडे गव्हाच्या उभ्या शेतातून गेले आणि मागून सगळं शेत पेटलं. आई घरी आली ती तोंड पाडूनच.

"कोणाचा गहू होता गं तो?"

म्हटलं, "आई, पिक्चरमधलं सगळं खोटं असतं."

"माणसं मरत्यात ते खोटं, ठावं हाय मला. पर गहू कसा खोटा असंल? पेरल्याबिगर उगवतो व्हय?"

मामंजी तर दोनदा पिक्चरची बाजू घ्यायला निघाले आणि दोनदा चहा मागून मोकळे झाले.

आवाजाचं आईला विचारलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "तोफंचं लय इचारतीस. झालंय काय तुला?" तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण म्हटलं, "काही नाही गं. मलाही बघायचाय."

*

शेवटी मी निघाले. हे म्हणाले, "तान्ही पोर घेऊन लढाईचा पिक्चर? वेड लागलं का?" सासूबाई म्हणाल्या, "आजकालच्या पोरींना पिक्चरचं भारीच वेड बाई!" पण चपला घालून माझ्याबरोबर निघाल्या त्याच. चिमीची दुपटी, बाटली, झबलं, सगळ्याची पिशवी त्यांनीच खांद्याला लावली. मी टोमणा गिळला. देवानं अशी सासू सगळ्यांना द्यावी, हे मी आता म्हणते.

पहिली तोफ उडाली. धडाम! पुढची बाई खुर्चीतून उडाली. चिमी माझ्या मांडीवर झोपलेली, ती झोपलेलीच.

दुसरी तोफ. विमानं. बॉम्ब. पडद्यावर काय चाललंय ते मी बघितलंच नाही. तोफ उडाली की चिमीच्या गालावर उजेड पडायचा, तेवढाच पिक्चर मी पाहिला. गाल शांत. पापणी शांत. मी तिच्या कानावरचा पदर बाजूला केला.

इंटरव्हलला दिवे लागले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "रडतेस कशाला? अजून कुणीच मेलं नाही!"

मग पुन्हा अंधार, पुन्हा तोफा. आणि शेवटी हिरोला गोळी लागली. तो पडला आणि पिक्चरवाल्यांनी सगळा आवाज एकदम बंद केला. तोफ नाही, गाणं नाही, काही नाही. धूर नुसता. सगळं टॉकीज श्वास धरून बसलेलं. शेंगा फोडायचं सुद्धा थांबलं.

त्या शांततेत चिमीनं डोळे उघडले.

इकडे बघितलं. तिकडे बघितलं. ओठ वाकडा झाला. आणि पोरीनं जो भोंगा पसरला!

"अहो बाई, पोराला बाहेर न्या!" "ऐन सीनला!" "कशाला आणतात!" चारी बाजूंनी लोक ओरडायला लागले. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला. "बाई, उठा, उठा लवकर!"

मी उठले नाही. मी नुसती चिमीकडे बघत होते. अमावास्येला, हातोड्या बंद असल्या की रडते, तश्शीच रडत होती!

सासूबाई मात्र उठल्या आणि आळीतल्या आवाजात त्याच्यावर कडाडल्या, "तिला कशाला उठवताय? तोफा बंद कुणी केल्या? त्या सुरू करायला सांगा आधी!"

आणि खरंच, धडाम! तोफा पुन्हा सुरू झाल्या. चिमीनं एक हुंदका दिला, अंगठा तोंडात घातला आणि मान टाकली.

डोअरकीपरनं बॅटरी तिच्या तोंडावर मारली, मग माझ्या. "झोपली की! मिटलं ना आता?"

मी त्याची बाहीच धरली. म्हटलं, "दादा, तो आवाज आणखी एकदा बंद करायला सांगा ना!"