इन्स्टॉल झालं, पण गेलं कुठं?

मोठ्या माणसांना शिकवायला बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाकाखालच्या धुळीसारखे आपोआप साठतात. इकडं सीमाभागात, शहापुरातल्या एका वाचनालयाच्या माडीवर मी संध्याकाळी कॉम्प्युटर शिकवतो. मशिनं जुनी, कुणी कुणी देऊन टाकलेली. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स तेवढं चालतं, तेही काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून. आमचे निम्मे किस्से एकाच प्रश्नाचे आहेत: प्रोग्रॅम इन्स्टॉल झाला, आता तो आहे कुठं?

*

विजयाआक्का वडगावच्या. घरातच पॉवरलूम, साड्यांचा धंदा. आल्या त्याच दिवशी म्हणाल्या, "सर, आमच्या मालकांचा आवाज गेलाय. घशाचं ऑपरेशन झालं. टाइप केल्यालं बोलून दाखवतंय असं काय तर असतंय म्हणं. तेवढं शिकवा."

मी म्हटलं, त्याच्या आधी बाकीचं शिकावं लागेल.

"मग शिकतो की," म्हणाल्या आणि पुढच्या बाकावर बसल्या.

सरावासाठी साड्यांचे फोटो लहान करायचं एक पॅकेज दिलं. नाव ग्राफिक्समॅजिक. इन्स्टॉल नीट झालं, आणि आक्का हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या. काय झालं विचारलं.

"वाट बघालोय. उघडंल की कवा तरी."

इथं आपणहून काही उघडत नाही, नाव घेऊन हाक मारावी लागते, असं सांगितलं. त्यांनी पॅकेजचं नाव टाइप केलं. उत्तर आलं, 'कमांड नॉट फाउंड'.

मग पॅकेजनं कुठली फाइल कुठं ठेवलीय ते दाखवणारी कमांड शिकवली. त्यात 'बिन' नावाच्या फोल्डरात जे दिसेल, तेच हाक मारायचं नाव. तिथं निघालं नुसतं 'जीएम'.

आक्का हसल्या. "माझं माहेरचं नाव सुशीला. लग्नात विजया केलं. आता सासरी येऊन सुशीला म्हणून हाक मारली तर कोण ओ देणार?"

हा धडा मी तेव्हापासून आक्कांच्याच शब्दांत शिकवतो.

*

शिवानंद निपाणीहून बसनं येतो. तंबाखूच्या वखारीत ऑफिसचं काम करतो. त्यानं इंटरनेटवरून एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्याच फोल्डरात गेला, फाइल डोळ्यांनी बघितली, नाव टाइप केलं. नॉट फाउंड.

"सर, सायेब समोर बसल्यात, आणि शिपाई म्हणतोय सायेब न्हाईत."

मी सांगितलं, लिनक्स आपल्या ठरलेल्या जागांवरच शोधतं, आपण उभे आहोत तिथं बघत नाही. 'इथलाच' असं सांगायला नावाआधी डॉट आणि स्लॅश लाव.

लावला. आता आलं, 'परमिशन डिनाइड'.

शिवानंद म्हणाला, "गावला, तर आता आत जायची परवानगी न्हाय."

फाइलीला चालायची परवानगी द्यायची कमांड सांगितली. प्रोग्रॅम चालला. शिवानंद खुर्चीत मागे रेलून कानडीत म्हणाला, "अंतू बंतु." आला एकदाचा.

*

इनामदार वकील रिटायर होऊन क्लासला आले. 'नॉट फाउंड' हे उत्तर त्यांना मुळातच मान्य नव्हतं.

"समन्स परत येतं, माणूस पत्त्यावर सापडला नाही म्हणून. माणूसच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. पत्ता चुकलाय."

पत्ता खरंच चुकला होता. त्यांचा प्रोग्रॅम एका आडबाजूच्या फोल्डरात बसला होता, आणि जिथं जिथं शोधायचं त्या जागांमध्ये, म्हणजे 'पाथ'मध्ये, तो फोल्डर नव्हता. वकील म्हणाले, मीच घालतो. घातला, पण आधीच्या जागा तशाच ठेवायच्या राहिल्या. मग फाइलींची यादी दाखवणारी साधी कमांडसुद्धा सापडेना. काहीही टाइप करा, नॉट फाउंड.

"एक आरोपी शोधायला गेलो," वकील शांतपणे म्हणाले, "तर अख्खं गाव फरार."

बदल त्या एका खिडकीपुरताच होता. ती बंद करून दुसरी उघडली तसं गाव परत आलं. मी म्हटलं, आता उद्या करू. वकिलांनी चष्मा पुसला, जुन्या जागा राखून नवी जोडली, प्रोग्रॅम चालवून बघितला आणि मगच उठले.

*

आक्कांनी शेवटी तो बोलणारा प्रोग्रॅम मिळवला. 'सर, घरी या' म्हणाल्या. मी आणि वकील वडगावला गेलो. एरवी त्या घरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण त्या दिवशी सगळे माग बंद ठेवले होते. सुना, भाऊबंद, माग चालवणारे, सगळे पुढच्या सोप्यात बसले होते. आक्कांचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, जुन्या लॅपटॉपसमोर गळ्याला रुमाल बांधून बसले होते.

आक्कांनी नाव टाइप केलं. नॉट फाउंड. कुणीतरी "ऱ्हाऊ दे गं" म्हणालं. मी उठायला लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. पॅकेजच्या फाइलींची यादी काढली, बोट फिरवत 'बिन'ची ओळ शोधली, हाक मारायचं नाव तसंच्या तसं उतरवलं, मराठी आवाज निवडला आणि लॅपटॉप अण्णांकडे सरकवला.

अण्णांनी एका बोटानं टाइप केलं. बराच वेळ लागला. त्यांनी एंटर दाबलं, आणि स्पीकरमधून सपाट, खरखरीत आवाज आला, "माग कुणी बंद केले?"

आक्का उठल्या, आत गेल्या आणि माग चालू केले. घर परत हादरायला लागलं.

त्या येऊन बसल्या. अण्णांनी आणखी काहीतरी टाइप केलं. लॅपटॉपची पाठ आमच्याकडे होती, आणि मागांच्या खडखडाटात आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. आक्का स्पीकरला कान लावून होत्या. ऐकून झाल्यावरही कान तिथंच ठेवून म्हणाल्या, "परत."

मागचीच कमांड, म्हणजे तेच वाक्य, पुन्हा आणायला वरचा बाण दाबतात, हे आक्कांनी त्यांना आधीच शिकवलं असणार. अण्णांनी वरचा बाण दाबला. मग एंटर.